तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर

गोराईच्या बाजारात कोळणीसमोर उभी असलेली बाई पाहावी. पापलेटचा कल्ला उचलून ती आतला रंग बघते. बोंबील आजचे की बर्फातले, ते विचारते. भाव ऐकून दोन पावलं पुढे जाते, पुन्हा मागे येते. दोन-चारशे रुपयांच्या त्या व्यवहारात ती कुणाला मध्ये बोलू देत नाही. सोबत नवरा असलाच, तर तो पिशवी धरून गप्प उभा असतो. हीच बाई छातीत गाठ लागली म्हणून डॉक्टरांसमोर बसते, तेव्हा तिचा आवाज कुठे जातो कोण जाणे. फाईल मुलगा उघडतो. प्रश्न दीर विचारतात. आणि डॉक्टरांनी तिच्याकडे वळून काही विचारलंच, तर पदर सारखा करत ती एवढंच म्हणते, "तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर."

या वाक्यात विश्वास आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. ॲपेंडिक्स फुटलं असेल तर असंच म्हणावं आणि मुकाट्याने टेबलावर जावं. पण स्तनाच्या कॅन्सरमध्ये, विशेषतः तो लवकर सापडला असेल तर, एक वळण असं येतं की तिथे डॉक्टरांना तिचं उत्तर खरोखर हवं असतं. फक्त गाठ काढून स्तन राखायचा, की पूर्ण स्तन काढायचा? पूर्ण काढला तर त्याच वेळी नवा घडवून घ्यायचा, नंतर बघायचं, की तसंच राहायचं? अनेक जणींच्या बाबतीत यातल्या एकाहून जास्त वाटा वैद्यकीयदृष्ट्या बरोबर असतात. कोणती घ्यायची हे त्या बाईच्या शरीरावर जसं ठरतं, तसंच तिच्या कामावर, घरावर आणि मनावरही ठरतं. या शेवटच्या तीन गोष्टी तिच्याशिवाय कुणाला माहीत असणार?

रिपोर्ट हातात आला की घरात एकच घाई सुरू होते. "काढून टाका एकदाचं." भीतीपोटी आलेलं हे वाक्य समजण्यासारखं आहे. घरातली वडीलधारी मंडळी तर हमखास तेच म्हणतात, आणि त्यालाही कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड नावाच्या सर्जनने जी शस्त्रक्रिया रूढ केली, तिच्यात स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढून टाकत. जितकं जास्त काढू तितका रोग दूर जाईल, अशी समजूत होती. पुढची सात-आठ दशकं जगभर तीच रीत चालली. आपल्या आज्यांनी ऐकलेलं, पाहिलेलं ऑपरेशन ते. खांदा वाकडा झालेली, हात सुजलेली एखादी दूरची मावशी घरोघरी कुणाला तरी आठवते.

मग काही डॉक्टरांना प्रश्न पडला, की एवढं काढायलाच हवं का? अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबर्टो व्हेरोनेसी यांनी त्याचं उत्तर नीट मोजून काढायचं ठरवलं. काही बायकांचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढून नंतर किरणोपचार दिले, आणि वर्षानुवर्षं सगळ्यांवर लक्ष ठेवलं. फिशर यांच्या अभ्यासात १,८५१ बायका होत्या, व्हेरोनेसींच्या अभ्यासात ७०१. दोघांचेही वीस वर्षांचे निकाल २००२ साली प्रसिद्ध झाले. आयुष्याच्या हिशेबात दोन्ही वाटा सारख्याच ठरल्या. स्तन राखला म्हणून बायका लवकर गेल्या नाहीत, आणि काढला म्हणून जास्त जगल्या नाहीत. घरात कुणी "काढून टाका" म्हणालं, की ही गोष्ट शांतपणे सांगता आली पाहिजे.

अट मात्र एक आहे आणि ती पक्की आहे. गाठ काढल्यानंतर किरणोपचार घ्यावे लागतात. आपल्याकडे बायका त्याला 'शेक' म्हणतात. फिशर यांच्या त्याच अभ्यासात काहींची फक्त गाठ काढली होती, किरणोपचार दिले नव्हते; त्यांच्यापैकी वीस वर्षांत १०० मधल्या सुमारे ३९ जणींना त्याच स्तनात रोग परत आला. घेतलेल्यांत हे प्रमाण १४ वर आलं. फार थोड्या जणींना, बहुधा उतारवयातल्या आणि अगदी सौम्य रोग असलेल्यांना, डॉक्टर यातून सूट देतात. ते त्यांनी ठरवावं. आपल्या मनाने शेक अर्धवट सोडू नये.

स्तन राखणं प्रत्येकीला जमतंच असं नाही. गाठ स्तनाच्या मानाने मोठी असेल, एकाच स्तनात दूरदूर दोन-तीन गाठी असतील, छातीला आधी कधी किरणोपचार झालेले असतील, तर पूर्ण स्तन काढणं हेच शहाणपणाचं असतं. गाठ मोठी असली तर काही वेळा आधी केमो देऊन ती लहान करता येते आणि मग स्तन वाचतो. घराण्यात आई, मावशी, बहीण अशा एकापाठोपाठ एक जणींना हा रोग झाला असेल, तर रक्ताची जनुकीय तपासणी करून मग निर्णय घेणं बरं. आणि एक गैरसमज फार पसरलेला आहे. पूर्ण स्तन काढला की केमो टळते, असं पुष्कळ जणींना वाटतं. तसं नाही. केमो लागणार की नाही हे रोगाच्या स्वभावावर ठरतं. त्यासाठी बायोप्सीच्या तुकड्यावर हार्मोनच्या आणि हर-टू नावाच्या तपासण्या करतात. सुई टोचली की गाठ भडकते, हाही तसाच एक गैरसमज. त्यापायी बायोप्सी लांबवणाऱ्या बायका आजही भेटतात.

आता गोराईचंच पाहा. गोराई दोन आहेत. खाडीच्या पलीकडचं गाव, आणि अलीकडे बोरिवलीतली म्हाडाच्या सोसायट्यांची वसाहत. गावातून भाजी किंवा मासळी घेऊन येणारी बाई बोटीने खाडी ओलांडते. तिला परळला टाटा हॉस्पिटलमध्ये जायचं तर बोट, रिक्षा, बोरिवलीहून लोकल, मग दादरला गाडी बदलून परळ, नाहीतर प्रभादेवीला उतरून पूल. आणि शेक घ्यायचा म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, बहुधा तीन ते पाच आठवडे. हे तिने डॉक्टरांना सांगायलाच हवं. "मला रोज यायला जमणार नाही, घराजवळ कुठे शेक घेता येईल का? परळला राहायची सोय होईल का?" हा शस्त्रक्रियेइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. प्रवासाच्या धास्तीने स्तन काढून घेतलेल्या बायका आहेत. विचार करून तसं ठरवलं असेल तर काहीच हरकत नाही. पण दुसरी सोय होती हे तिला कुणी सांगितलंच नसेल, तर त्याची चुटपुट आयुष्यभर राहते.

तिचा दुसरा प्रश्न हाताचा. काखेतल्या गाठी किती काढणार? पूर्वी सरसकट सगळ्या काढत. आता रोग तिथवर पोचला नसेल तर आधी पहिल्या काही गाठी तपासतात आणि त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावत नाहीत. त्यामुळे पुढे हात सुजण्याचा धोका बराच कमी होतो. डोक्यावर पाटी घेणाऱ्या, पाण्याची कळशी उचलणाऱ्या, दिवसभर पोळ्या लाटणाऱ्या बाईसाठी तो हात म्हणजे पोट आहे. "पाटी कधी उचलू?" हे विचारायला तिला लाज वाटते, कारण डॉक्टर मोठ्या गोष्टी बोलत असतात आणि आपला प्रश्न तिला फार छोटा वाटतो. खरं तर डॉक्टरांनाही हा प्रश्न हवा असतो. भिंतीवर बोटं चढवत हात हळूहळू वर न्यायचा व्यायाम केव्हापासून आणि किती करायचा, हे त्यातूनच पुढे निघतं.

"या वयात काय करायचंय?" हे एक वाक्य मला अजिबात आवडत नाही. पंचावन्न वर्षांच्या बाईबद्दल तिच्यासमोरच ते बोललं जातं. बोलणारे वाईट नसतात. तिने जगावं एवढंच त्यांना हवं असतं. पण स्तन कशासाठी हवा आणि कोणत्या वयापर्यंत हवा, हे तिच्या वतीने कुणी ठरवू नये. ब्लाउज नीट बसावा, आंघोळ करताना आरशात बघवावं, एवढीच इच्छा असेल तरी ती पुरेशी आहे. याच्या उलटही असतं. एखादी पस्तिशीतली मुलगी सगळं ऐकून, समजून म्हणते, "मला दर सहा महिन्यांनी धडधडत बसायचं नाही, पूर्ण काढा." तिलाही कुणी "अगं, अजून तरुण आहेस" म्हणून मागे ओढू नये. दोघींची उत्तरं वेगळी आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.

निर्णयाला वेळ किती घ्यायचा? रिपोर्ट आल्यानंतर समजून घ्यायला, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला एक-दोन आठवडे गेले तर सहसा काही बिघडत नाही. आज रात्रीच ठरवलं पाहिजे असं नसतं. मात्र महिने घालवले तर बिघडतं. कुणी सांगितलेला काढा, लेप, खात्रीशीर औषध या नादात ते महिने जातात, आणि लवकर सापडलेली गाठ तेवढ्यात उशिराची होऊन बसते.

हे सगळे प्रश्न डॉक्टरांसमोर विचारता यावेत, यासाठी एक साधी सवय लावून घ्यावी. घरात शाळेची अर्धी संपलेली वही असतेच. तिच्या मागच्या पानांवर आपले प्रश्न लिहावेत. भाजी निवडताना आठवला, लिहिला. रात्री झोप लागली नाही, दिवा लावला, लिहिला. शुद्धलेखन कुणी तपासणार नाही. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांकडे थोडी मिनिटं असतात, आणि 'कॅन्सर' हा शब्द एकदा कानावर पडला की पुढचं अर्धं ऐकूच येत नाही. वही असली की निदान वाचता येतं. माझा स्तन राखता येईल का? नसेल तर का नाही? माझ्या गाठीचा स्वभाव काय निघाला? शेक कुठे? रजा किती? आणि उत्तरं तिथल्या तिथे लिहायला सोबतच्या माणसाला सांगावं. सोबत आलेल्यांना काम हवंच असतं. त्यांना हे द्यावं.

या सवयीसाठी आजाराची वाट पाहत बसू नये. आपल्याकडे कितीतरी बायकांना घरातल्या सगळ्यांची औषधं पाठ असतात. सासूबाईंची शुगरची गोळी जेवणाआधी की नंतर, नवऱ्याची बीपीची कोणती, मुलाला कशाची ॲलर्जी. स्वतःचं विचारलं तर उत्तर येतं, "ती पांढरी सकाळी आणि गुलाबी रात्री." आजपासून त्या गोळीचं नाव वाचून पाहावं. ती कशासाठी आहे हे पुढच्या खेपेला विचारावं. छोट्या गोष्टीत तोंड उघडायची सवय असली की मोठ्या वेळी आवाज आपोआप निघतो.

विचारलं की निघतं काय, याचं उदाहरण परळमध्येच आहे.  टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रश्न विचारला. गाठ कापताना काही पेशी सुटून पसरत असतील, तर त्या आधीच थोपवता येतील का? म्हणून त्यांनी गाठीभोवती बधिर करण्याचं साधं इंजेक्शन, लिडोकेन, शस्त्रक्रियेच्या काही मिनिटं आधी देऊन पाहिलं. देशातल्या ११ केंद्रांवर सुमारे १,६०० बायकांमध्ये हा अभ्यास झाला. इंजेक्शन न घेतलेल्यांत पाच वर्षांनंतर १०० पैकी ८६ हयात होत्या, घेतलेल्यांत ९०. खर्च शंभर रुपयांच्या आत. २०२२ साली पॅरिसच्या परिषदेत हे मांडलं गेलं. "माझ्या ऑपरेशनच्या वेळी हे देणार का?" हाही प्रश्न वहीत लिहावा.

दुसरं उदाहरण त्याहून घरगुती आहे. १९९८ पासून टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून जास्त बायकांना घेऊन एक अभ्यास केला. बायका आपणहून दवाखान्यात येत नाहीत, म्हणून शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकाच वस्त्यांमध्ये गेल्या. निम्म्या बायकांची त्यांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. मॅमोग्राफीचं मशीन नाही, काही नाही. वीस वर्षांनी हिशेब मांडला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या बायकांत रोग लवकरच्या पायरीवर सापडत होता, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आत तसा ठळक फरक दिसला नाही. तरी जिच्या हाताला गाठ लागली तिने वय मोजत बसू नये. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण दुखत नाही म्हणून साधीच असेल, हा तर्क या रोगात चालत नाही. सुरुवातीला ती बहुधा दुखतच नाही.

पैशांचं बोलायला संकोच करू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार बसतात. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये 'आरोग्यमित्र' म्हणून माणूस बसलेला असतो. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन आधी त्याला गाठावं, बिल झाल्यावर नाही. टाटामध्ये समाजसेवा विभाग आहे, तिथेही अडचण मोकळेपणाने सांगावी. आणि लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णांना प्रवास करता येतो. हॉस्पिटलचं कार्ड पर्समध्ये असू द्यावं, म्हणजे सकाळच्या बोरिवली लोकलमध्ये धक्के खायची वेळ येत नाही.

तुमच्या घरात, मजल्यावर, ऑफिसात कुणाला या आजारासाठी डॉक्टरांची तारीख मिळाली असेल, तर एक दिवस रजा टाकून सोबत जरूर जा. फाईल धरा, पाण्याची बाटली घ्या, उत्तरं लिहून घ्या. फक्त डॉक्टरांसमोरची खुर्ची तिला द्या, आणि पहिला प्रश्न तिला विचारू द्या.